पट किती, आणि पटावरची पोरं कोणाची?



एप्रिल सरत आला की घरोघरी दोन हिशेब सुरू होतात. एक यंदाच्या पिकाचा आणि दुसरा पोरांच्या शाळेचा. पिकाचा हिशेब आपण नीट करतो. किती एकरांत किती क्विंटल झालं, भाव काय लागला, खत-बियाण्याला काय गेलं, सारं बोटांवर मोजतो. शाळेचा हिशेब मात्र पारावर एका वाक्यात उरकला जातो. ‘आपल्या झेडपीच्या शाळेत काही राहिलं नाही बघा, तालुक्याच्या इंग्लिश मीडियमची पोरं कशी फाडफाड बोलतात!’ झाला निकाल.

पण कोरडवाहूचा उतारा बागायतीच्या उताऱ्याशी कोणी शहाणा शेतकरी ताडून पाहतो का? आधी जमीन विचारतो, पाणी विचारतो, मग उतारा. शाळेचंही तसंच आहे. निकाल कसा लागला हे विचारण्याआधी पटावर किती पोरं आहेत, ती कोणाच्या घरची आहेत, आणि वर्षातले किती दिवस ती खरोखर शाळेत बसतात, हे विचारायला हवं.

आपण नमुन्यादाखल एक शाळा धरू. पहिली ते पाचवी. पहिलीत ४, दुसरीत ५, तिसरीत ३, चौथीत ६ आणि पाचवीत ५, असा एकूण २३ चा पट. दोन गुरुजी. महाराष्ट्राच्या वाड्यावस्त्यांवर अशा शाळा ठायी ठायी आहेत, आणि ही काही आपल्याच राज्याची गोष्ट नाही. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ नावाचा पाहणी अहवाल खेड्यापाड्यांतल्या शाळांची नोंद ठेवतो. देशभरच्या त्यांनी पाहिलेल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी साठपेक्षा कमी पट असलेल्या शाळा २०२२ साली ४४ टक्के होत्या. २०२४ साली त्या ५२ टक्क्यांवर गेल्या. म्हणजे आता लहान शाळा हीच नेहमीची शाळा झाली आहे.

पट का घटला? लोक पटकन म्हणतात, गुरुजी शिकवत नाहीत म्हणून. कुठे तेही खरं असेल. पण पहिलं कारण आपल्याच घरात आहे. पोरं कमी जन्मतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १९९२-९३ साली एका बाईमागे सरासरी जवळजवळ तीन मुलं होती; २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा १.७ वर आला. ही काही वाईट गोष्ट नव्हे. दोन पोरांवर थांबा असं सरकार वर्षानुवर्षं भिंतींवर लिहीत होतं, ते आपण ऐकलं. पण ज्या वाडीत पूर्वी दरसाल दहा-बारा पोरं पहिलीत बसत, तिथे आता चार-पाच बसणार, हा साधा गुणाकार आहे.

दुसरं कारण गाव सोडून जाण्याचं. कोकणात पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गचीही थोडी घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. कर्ते पुरुष मुंबईला, घरी म्हातारी माणसं आणि बाया. आणि जिथे बायकोही नवऱ्यामागे मुंबईला गेली, तिथे शाळेचा पट तिच्याबरोबर गेला. वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूर नावाच्या छोट्या गावच्या शाळेची बातमी जानेवारी २०२३ मध्ये देशभर छापून आली होती. शाळेत विद्यार्थी एक आणि गुरुजी एक!

तिसरं कारण पिवळ्या गाडीचं. सकाळी सात-साडेसातला ती फाट्यावर येते आणि ज्यांच्या घरी चार पैसे आहेत त्यांची पोरं घेऊन जाते. इथं मी कोणाला दोष देत नाही. आपल्या पोराचं भलं व्हावं म्हणून बाप उसाच्या बिलातून फी भरतो, त्यात काय चूक? पण गाडीत कोण बसतं ते नीट पाहा. बहुधा थोरलं घर, बहुधा नोकरदाराचं घर. आणि एकाच घरातला मुलगा गाडीत असतो, त्याची बहीण पाटी-दप्तर घेऊन गावच्या शाळेत जाते. सरकारी शाळांत मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, हे ‘असर’च्या पाहणीतही दिसतं. मग गावच्या शाळेत उरतं कोण? मुली, शेतमजुरांची पोरं, भूमिहीन दलित-आदिवासी घरची, ऊसतोड्यांची, आणि ज्यांच्या आईबापांना स्वतःला अक्षर येत नाही अशांची. आधीच पुढे असलेली पोरं निवडून गाडी घेऊन जाते आणि मग आपण म्हणतो, झेडपीचा निकाल खाली का! बियाणं निवडून नेल्यावर राहिलेल्या राशीला नावं ठेवण्यासारखं झालं हे.

कारभारणींनो, तुम्हाला सांगायला नको की घरात वाचणारं माणूस असलं की पोराला किती टेकू मिळतो. ज्याच्या आईने दहावी केली आहे ते पोर पहिलीत बसण्याआधीच अर्धी मुळाक्षरं ओळखतं. ज्याच्या घरात छापील कागद म्हणजे फक्त रेशनकार्ड आणि आधारकार्ड, ते शून्यापासून चालू करतं. त्यात घरची बोली वेगळी असली की आणखी एक पायरी. मेळघाटातलं कोरकू बोलणारं, गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं, तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं पोर पहिल्या दिवशी वर्गात बसतं तेव्हा पुस्तकातली मराठी ही त्याला परकी भाषा असते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळ्यांनी पुस्तकावरच्या क्यूआर कोडचं कौतुक केलं. ते योग्यच. पण त्यांनी आधी काय केलं? पोरांची मातृभाषा कन्नड आहे हे ध्यानात घेऊन धडे त्यांच्या भाषेत आणले. पोरगं कोणत्या घरून येतं हे आधी पाहिलं, यंत्र नंतर आलं. आणि त्यांची शाळाही काही राजवाड्यात नव्हती, गुरांच्या गोठ्याला लागून होती.

आता निकालाकडे येऊ. इथे जरा कागद-पेन्सिल घ्या.

आपल्या नमुन्याच्या शाळेत पाचवीत ५ पोरं आहेत. चार चांगली वाचतात, एकाला वाचता येत नाही. निकाल ८० टक्के. पुढच्या वर्षी जी पोरं पाचवीत आली त्यांतल्या दोघांना वाचता येत नाही. आता सहा पोरं आहेत, म्हणजे निकाल जवळजवळ ६७ टक्के. पारावर बोभाटा होतो, ‘शाळा तेरा टक्क्यांनी घसरली!’ घसरली किती? एका पोराने. साठ पोरांच्या वर्गात एक पोर म्हणजे दीड-पावणेदोन टक्के; पाचांच्या वर्गात एक पोर म्हणजे वीस टक्के. एखाद्याला परीक्षेच्या आठवड्यात गोवर आला, एखाद्याच्या घरी मयत झाली, की वीस टक्के गेले. म्हणून लहान शाळेचा टक्का एका वर्षाचा पाहू नये. तीन-चार वर्षांचा एकत्र पाहावा. आणि त्याहून बरं म्हणजे टक्का सोडून पोर पाहावं. गेल्या जूनमध्ये हे पोर कुठे होतं आणि या एप्रिलात कुठे आहे? ज्याला अक्षर येत नव्हतं ते सावकाश का होईना, ओळ वाचायला लागलं, तर गुरुजींनी काम केलं असं समजा, मग तक्त्यात काहीही येवो. आणि जे आधीच वाचत होतं ते वर्षभर तिथेच राहिलं, तर त्याची अ-१ श्रेणी पाहून हुरळून जाऊ नका.

याच हिशेबात एक चोरवाट आहे, तीही सांगून टाकतो. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतल्या वाचकांना ती नवी नाही. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेलं कोयतं निघतं, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, वर पोरं. ती परत येतात उन्हाळ्यात. शाळेचं वर्ष जूनला सुरू होऊन एप्रिल-मेला संपतं, म्हणजे या पोरांच्या वाट्याला आलं पहिलं सत्र. पटावर नाव वर्षभर, हजेरी अर्ध्या वर्षाची. वर्षअखेरच्या चाचणीला ती नसली, तर बसलेल्या पोरांचा निकाल चांगला दिसतो. आणि ती परत येऊन बसली, तर निकाल एकदम कोसळतो. दोन्ही वेळा कागद खोटं बोलतो. म्हणून पट विचारलात की लगेच दुसरा प्रश्न विचारा: जानेवारीत रोज किती पोरं बसत होती?

यावर उपाय नाही असं नाही. स्थलांतराच्या गावांत शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालवता येतं. पोर आजीकडे राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेकडून होते. आईबापांबरोबर जाणाऱ्या पोराला शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून कारखान्याजवळच्या गावी शाळेत बसता येतं. दाखला हातात नाही म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही, तसं कायद्यातच आहे. पण हे सारं दिवाळीच्या आधी करावं लागतं. ट्रॅक्टर सुटल्यावर अर्ज कोण लिहिणार? मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल तर तर आणखी घाई. फडावर तिला धाकट्याला सांभाळायला नेतात आणि परत आणतात ती बहुधा लग्नाचं बोलणं घेऊनच. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर बायांपैकी सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं २०१९-२१ ची पाहणी सांगते. हे आकडे शाळेच्या प्रगतिपुस्तकात कुठे लिहिलेले नसतात, पण सहावी-सातवीच्या बाकावरची रिकामी जागा त्यांतूनच होते.

आता गुरुजींची बाजू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. त्यात लिहिलं आहे की साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. वर्षाला पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं हवं. म्हणजे दिवसाला चार तास, २४० मिनिटं. दोन गुरुजींमध्ये पाच वर्ग वाटले: एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येक वर्गाला वेगळं शिकवायचं म्हटलं तर चौथीच्या पोराच्या वाट्याला आली ८० मिनिटं. बाकीचा वेळ ते पाढे लिहितं नाहीतर शेजारच्या वर्गाचं ऐकतं. आणि एक गुरुजी रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले, की पाच वर्ग एकाच्या गळ्यात. मग वाटा ४८ मिनिटांचा. वर पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती आहेच. हुशार गुरुजी यातून वाट काढतात. वर्ग न पाहता वाचनाच्या पायरीप्रमाणे पोरांचे गट पाडतात, थोरल्या पोरांना धाकट्यांजवळ बसवतात. २३ पोरांच्या शाळेचं हेच तर बळ आहे, प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाची अडचण गुरुजींना ठाऊक असते. पण ते मनावर घेणारा गुरुजी लागतो. तो सगळीकडे भेटतो असं म्हणणं म्हणजे तुमची दिशाभूल करणं होईल.

देशभरचं चित्र काय आहे? ‘असर’ची माणसं घरोघरी जाऊन पोरापुढे दुसरीच्या पुस्तकाएवढा सोपा उतारा ठेवतात. २०२४ साली खेड्यांतल्या सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या दर शंभर पोरांपैकी साधारण २३ जणांना तो वाचता आला. २०२२ साली, करोनाच्या बंदीनंतर, हा आकडा १६ वर होता. म्हणजे सुधारणा आहे. पण शंभरातली पंचाहत्तरहून जास्त पोरं अजून मागेच आहेत. पाचवीतही निम्म्याहून अधिक पोरं तिथेच अडतात. खाजगी शाळांचे आकडे वरचे असतात, पण त्यांचंही काही सोनं झालेलं नाही. तिथेही पाचवीतली बरीच पोरं दुसरीचा उतारा वाचताना अडखळतात. फाडफाड बोलणं वेगळं आणि वाचून समजणं वेगळं. दोन-चार इंग्रजी कविता हातवारे करून म्हटल्या म्हणजे पोर शिकलं असं नव्हे. हे माझं मत आहे, पटलं तर घ्या.

एकेकाळी अडचण वेगळी होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया, बरं का! आज सहा ते चौदा वयाच्या शंभरातल्या ९८ पोरांचं नाव कुठल्या ना कुठल्या शाळेत आहे. आता दंड करायचाच झाला तर नाव घालून विसरणाऱ्या आपल्या सगळ्यांना करावा लागेल.

शाळेची परीक्षा घरच्या घरी घेता येते, त्याला बी.एड. लागत नाही. आपल्याला स्वतःला वाचता येत नसलं तरी येते. दूध डेअरीची पावती पोराच्या हातात द्या आणि लिटर किती, फॅट किती, पैसे किती ते विचारा. बियाण्याच्या पिशवीवरचं वाचून दाखवायला सांगा. पोर अडखळतं की घडाघडा वाचतं, हे अंगठेबहाद्दर आजीलाही कळतं. मग वजाबाकी. दुकानदाराला पन्नासची नोट दिली, सत्तावीसचं सामान झालं, परत किती? तोंडी नव्हे, पाटीवर हातचा घेऊन करू द्या. दुसरी-तिसरीच्या पोराला हे यायला हवं. नाही आलं तर त्याला मारू नका आणि गुरुजींशी भांडायलाही जाऊ नका. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सांगा, ‘गुरुजी, याचं हातच्याला अडतंय, काय करू या?’ असं विचारणारा पालक महिन्यातून एक जरी आला तरी शाळेचा नूर पालटतो.

आणखी एक दार उघडं आहे, पण त्यातून आपण जात नाही. प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पंचाहत्तर टक्के सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया हव्यात, असा कायदा आहे. बऱ्याच गावांत ही समिती म्हणजे नाव कारभारणीचं आणि कारभार घरधन्याचा. बैठकीचं रजिस्टर घरी येतं, चुलीपुढे सही होते. भगिनींनो, सही करण्याआधी एकदा बैठकीला जाऊन बसा. गुरुजींना तीनच गोष्टी विचारा: रोज किती पोरं येतात, कोणतं पोर कुठल्या पायरीवर वाचतं, आणि गेल्या वर्षी गाव सोडून गेलेली पोरं आता कुठे आहेत.

हे आत्ताच का सांगतो? कारण लहान शाळांवर टांगती तलवार आहे. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा जवळच्या शाळांत मिळवण्याचा निर्णय राज्यात झाला होता. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले; पानशेत आणि तोरणमाळ इथलं उदाहरण पुढे ठेवलं होतं. दोन्ही वेळा लोकांनी विरोध केला. मोठ्या शाळेत वर्गाला वेगळा शिक्षक मिळतो, खेळाला गडी मिळतात, हे खरं आहे. सरसकट वाईट म्हणता येणार नाही. पण पावसाळ्यात ओढा भरला तर वस्तीवरची सात वर्षांची पोर तीन किलोमीटर कशी जाणार? गाडी मिळेल म्हणतात. गाडी मिळाली तर ठीक, पण एक दिवस ती नादुरुस्त झाली की सगळ्यांत आधी घरी बसणार ती मुलगीच. पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे, तो उगीच केलेला नाही.

तेव्हा ज्यांची पोरं पिवळ्या गाडीतून जातात त्यांनीही हे वाचून ठेवावं. पट वीसच्या खाली गेला की प्रश्न फक्त राहिलेल्यांचा उरत नाही. उद्या डिझेल वाढलं, कांदा गडगडला, फी भरता आली नाही, तर परत यायला गावात शाळा हवी. करोनाच्या काळात हेच झालं होतं. २०१८ साली ग्रामीण भारतातली सुमारे ६६ टक्के पोरं सरकारी शाळेत होती, २०२२ साली ती जवळजवळ ७३ टक्के झाली. पैसा आटला आणि लोक गावच्या शाळेकडे वळले. २०२४ पर्यंत आकडा पुन्हा ६७ च्या आसपास आला. शाळा उघडी होती म्हणून ये-जा झाली.

जूनमध्ये शाळा उघडेल. ज्यांच्या घरी यंदा पहिलीत जाणारं पोर आहे त्यांच्यासाठी एक शेवटची माहिती. राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले. एक एप्रिलच्या सुमाराला आणि दुसरा शाळा उघडल्यावर. त्यात पोराला मोजायला, ओळखायला, गोष्ट सांगायला लावतात आणि वस्तीवरच्या आयांचे गट करून सुट्टीत घरी काय करून घ्यायचं ते चित्रांच्या पत्रकावर देतात. ज्वारी आणि हरभरा मिसळून पोराला वेगळं करायला लावणं, ताटं-वाट्या मोजून मांडायला लावणं, यासारखी कामं घरातल्या घरात होतात. संध्याकाळी ओट्यावर चार आया बसल्या की तासाभरात उरकतं. तुमच्या वाडीत हा मेळावा झाला का, आयांचा गट कोणाच्या ओट्यावर बसतो, हे अंगणवाडीच्या ताईंना या आठवड्यातच विचारा.